पाच नंबरचा आचका

तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, दोन ते तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान, ॲक्सिलरेटर दोन-तृतीयांश दाबला की गाडी अर्धा सेकंद श्वास अडकल्यासारखी करते आणि मग जणू काही झालंच नाही अशी सुटते. चेक लाइट लागत नाही. थंड इंजिनावर आचका कधीच येत नाही. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर येतो, आणि पावसाळी हवेत जास्त येतो. गाडी दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे, २.७ लिटरचं, समोरासमोर आडवे सहा सिलिंडर. टर्बो नाही, इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणारे साधे, प्रत्येक प्लगवर ठिणगी देणारी वेगळी कॉइल. दोन्ही बाजूंना तीन-तीन सिलिंडर (पहिल्या बाजूला एक ते तीन नंबर, दुसऱ्या बाजूला चार ते सहा) आणि दोन्ही बाजूंचे, धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर स्वतंत्र. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळा उलगडा तिच्यामुळेच झाला.

अशा तक्रारीवर मुंबईत ठरलेलं उत्तर मिळतं: "मिसिंग मारतेय, सहाही कॉइल बदलून टाका." त्याने नाही भागलं तर प्लग, मग एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), मग थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारी झडप). बिघाड कायमचा असेल तर या अंदाजपंचे पद्धतीत किमान लगेच कळतं तरी की फरक पडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात तेवढंही कळत नाही. कुठलाही पार्ट बदला, दोन दिवस गाडी बरी वाटते.

म्हणून आधी वही. शेजारी बसलेल्या माणसाने प्रत्येक वेळी लिहायचं: गिअर, आरपीएम, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, पाण्याचं तापमान, एसी चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती, रस्ता कोरडा की ओला. आणि आचका आला नाही ती फेरीही लिहायची, हे बहुतेक जण विसरतात. एक फेरी म्हणजे ठरलेल्या गिअरमध्ये १८०० पासून ३२०० पर्यंत एकदा खेचणं. ईस्टर्न फ्रीवे रात्री उशिरा याला बरा पडतो: पी. डिमेलो रोडचा चढ इंजिनावर आयता भार टाकतो, आणि तिथली ८० ची मर्यादा पाळूनही चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएम सहज मिळतात. कोस्टल रोडही चालतो, पण बोगद्यात मर्यादा ६० ची आहे आणि मोबाइलचं जीपीएस तिथे दगा देतं. वेगाचा आकडा गाडीच्या कंप्युटरमधूनच घ्यावा.

चाळीस फेऱ्यांत दहा आचके. चारात एक. हा आकडा पुढे दोनदा कामी आला.

वहीतूनच बऱ्याच गोष्टी गळाल्या. टाकी पाव भरलेली असताना आणि वळणावरच आचका आला असता, तर टाकीतल्या पंपाच्या पिकअपवर (पेट्रोल ओढणाऱ्या तोंडावर) संशय घेता आला असता, पण पूर्ण टाकीवरही तो येत होता. आचक्याच्या क्षणी आरपीएमचा काटा शून्याकडे पडत नव्हता, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा) बहुधा निर्दोष. गरम झाल्यावर सिग्नल सोडणारा क्रँक सेन्सर काटा पाडतो आणि बऱ्याचदा इंजिनच बंद पाडतो. एसीचा काही संबंध दिसला नाही.

पेट्रोलचा प्रश्न मात्र आधी निकालात काढावा लागतो, कारण तो इतर सगळ्या लक्षणांवर पांघरूण घालतो. तेव्हा आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता. हे इंजिन ९८ साठी बनलेलं आहे, ९५ वर टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडून, चालवून घेतं. ९१ वर, मुंबईच्या उकाड्यात, नॉक सेन्सर (इंजिनातलं ठोकणं ओळखणारा) टायमिंग आणखी मागे ओढतो आणि गाडी मधल्या आरपीएमला मरगळते. स्कॅनरवर पाच-सहा अंश मागे घेतलेलं टायमिंग दिसत होतं. ९५ च्या पेट्रोलच्या दोन टाक्या संपवल्यावर ते एक-दोन अंशांवर आलं, मरगळ गेली आणि आचका जसाच्या तसा राहिला. बरंच झालं. दोन वेगळी दुखणी एकमेकांपासून सुटी झाली.

इथेच इथेनॉलचंही सांगून टाकतो. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असेल तर साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन. त्यामुळे जुन्या गाडीत दोन्ही बाजूंचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सर बघून कंप्युटर इंधनात करतो ती सवयीची दुरुस्ती; क्षणोक्षणीची ती शॉर्ट टर्म) अधिक पाच-सहा टक्के दिसला तर लगेच व्हॅक्यूम लीक, म्हणजे न मोजलेली हवा आत घेणारी गळती, शोधायला धावू नये. आपल्या गाडीत एका बाजूला अधिक ५ आणि दुसऱ्या बाजूला अधिक ६ होता. दोन्ही जवळपास सारखे आणि दहाच्या आत, म्हणून धूर सोडून लीक शोधण्याची पायरी मागे ठेवली. एअर फ्लो सेन्सर आयडलला सेकंदाला साडेतीन ते चार ग्रॅम दाखवत होता. ढोबळ हिशेबाने दर लिटरला एक ग्रॅमच्या वर थोडं, म्हणजे ठीक.

आता लॉगिंग, म्हणजे गाडी चालवताना कंप्युटरचे आकडे नोंदवत राहणं. इथे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर घेऊन फसायला होतं. या पिढीच्या गाड्यांची निदानाची वायर मंद आहे. एकावेळी बारा-पंधरा रकाने मागितले तर प्रत्येक आकडा एक-दीड सेकंदाने ताजा होतो, आणि अर्ध्या सेकंदाचा आचका दोन नोंदींच्या मधल्या फटीतून निसटतो. मग आलेख बघून माणूस म्हणतो, "काहीच दिसत नाही." एका फेरीत तीन किंवा चारच रकाने घ्यावेत आणि फेऱ्या वाढवाव्यात.

पहिला संच: आरपीएम, ॲक्सिलरेटरची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, हवेचा प्रवाह. आचक्याच्या क्षणी ॲक्सिलरेटर स्थिर, थ्रॉटल स्थिर, हवा स्थिर. फक्त आरपीएमची चढती रेघ जराशी वाकलेली. म्हणजे चालकाने मागितलं, थ्रॉटलने उघडलं, हवा आत गेली, आणि तरी ताकद आली नाही. पॅडल सेन्सर, थ्रॉटल बॉडी आणि एअर फ्लो सेन्सर असे तीन महागडे संशयित एका रात्रीत सुटले.

दुसरा संच: आरपीएम आणि दोन्ही बाजूंचे शॉर्ट टर्म ट्रिम. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. तसं केलं की कंप्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं बंद करतो आणि ट्रिम गोठतो. दोन-तृतीयांशवर तो अजून ऐकत असतो. आचका आला तेव्हा पहिल्या बाजूचा ट्रिम जागेवर होता आणि दुसऱ्या बाजूचा उडी मारून अधिक नऊवर गेला. पेटलं नाही की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, आणि कंप्युटर बिचारा त्या बाजूला पेट्रोल वाढवतो.

एकाच बाजूला. पंप, त्याचा दाब, फिल्टर, पेट्रोलमधलं पाणी, क्रँक सेन्सर, मुख्य रिले, बॅटरी हे सगळं दोन्ही बाजूंचं सामाईक. यातलं काही बिघडलं असतं तर दोन्ही ट्रिम उडाले असते. इंधनाच्या दाबाचा गेज न लावताच अर्धी यादी खोडता आली.

पुढची पायरी सिलिंडरवार मिसफायर, म्हणजे न पेटलेले ठोके, मोजणारा काउंटर. साधं मोबाइल ॲप तो या गाडीत दाखवत नाही, कंपनीच्या भाषेत बोलणारं सॉफ्टवेअर आणि केबल लागते. काउंटर शून्य करून दहा फेऱ्या: पाच नंबरवर १४, चार नंबरवर १, बाकी शून्य. मग चेक लाइट का नाही? कंप्युटर मिसफायर सुटे मोजत नाही, क्रँकच्या २०० आणि १००० फेऱ्यांच्या खिडकीत त्यांचं प्रमाण बघतो. चार-पाच ठोके चुकून बाकी हजार फेऱ्या नीट गेल्या तर मर्यादा ओलांडलीच जात नाही. शिवाय खराब रस्ता ओळखला की अनेक गाड्या मिसफायरची मोजणीच थांबवतात, कारण खड्ड्याने चाकांना बसलेला धक्का क्रँकपर्यंत पोचतो आणि मिसफायरसारखा दिसतो. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून काउंटर वाचून काही निष्कर्ष काढू नये.

आता अदलाबदल. पाच नंबरची कॉइल विरुद्ध बाजूच्या दोन नंबरवर आणि दोनची पाचवर. मुद्दाम विरुद्ध बाजू निवडायची, म्हणजे दोष कॉइलबरोबर गेला तर काउंटरही बदलेल आणि ट्रिमची बाजूही. या गाडीत कॉइल खालून, मागचं चाक काढून गाठाव्या लागतात. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. एका कॉइलला दोन बोल्ट, ५ मिलिमीटरची एलन की. परत बसवताना १० न्यूटन-मीटर, त्यापेक्षा जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. प्लग काढले तर ३० न्यूटन-मीटर, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच.

अदलाबदलीनंतर पाच फेऱ्या स्वच्छ. ज्या गाडीला चारात एकदा आचका येतो, तिने काहीही न करता पाच फेऱ्या स्वच्छ काढण्याची शक्यता तीन-चतुर्थांशचा पाच वेळा गुणाकार, म्हणजे जवळपास २४ टक्के. चार वेळांतून एकदा नुसतं नशीबच साथ देतं. सातव्या फेरीत आचका आला आणि काउंटर पुन्हा पाच नंबरवरच वाढला. कॉइल निर्दोष. प्लगची अदलाबदल केली, तरी पाचच. पाचव्या प्लगचं पोर्सिलेन स्वच्छ होतं, चीर नाही, बाजूने ठिणगी सरकल्याची काळी रेघ नाही. रात्री दिवे घालवून, चालू इंजिनाच्या कॉइलवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला, निळी ठिणगी कुठेच दिसली नाही. (फवारा एग्झॉस्टवर जाऊ देऊ नका, आणि पाण्यात मीठ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.) इंजेक्टरचा रोध १२ ते १४ ओहमच्या दरम्यान, इतरांसारखाच.

उरली वायरिंग. गाडीवरची सगळ्यात कंटाळवाणी तपासणी, म्हणून सगळे शेवटी करतात.

कॉइलला वायरी जोडणारा कपलर काढून मल्टिमीटर लावला की १२.४ व्होल्ट. सगळं ठीक दिसतं, आणि इथेच लोक थांबतात. मल्टिमीटर जवळजवळ करंटच घेत नाही. वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कॉइलला मात्र क्षणभर का होईना, कित्येक अँपिअर लागतात. म्हणून भार हवा. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या, तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. कपलरमधल्या १२ व्होल्टच्या पिनपासून बल्बमधून बॉडीच्या अर्थला जोडा. इग्निशन चालू, इंजिन बंद. मल्टिमीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी कपलरच्या पिनवर. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. बल्ब चुकूनही कंप्युटरकडून येणाऱ्या नियंत्रण वायरीला लावायचा नाही, आतला ट्रान्झिस्टर जळेल. आणि बल्ब प्लॅस्टिकपासून लांब टांगा, मिनिटभरात चटका देण्याइतका तापतो.

चार आणि सहा नंबरच्या कपलरवर ०.२ व्होल्ट हरवत होते. त्यात फ्यूज, रिले आणि इग्निशन स्विच या सगळ्यांचा वाटा आला. पाच नंबरवर थंड असताना ०.४. कुणी वाद घातला असता तर "चालतंय की" म्हणता आलं असतं. मग गाडी अर्धा तास फिरवून, गरम असतानाच पुन्हा मोजलं: १.५. त्याच क्षणी हार्नेस (टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा) हाताने जरासा वाकवला आणि बल्ब लुकलुकला.

टेप सोलली. कपलरपासून सुमारे पंधरा सेंटीमीटरवर पॉझिटिव्ह वायरीच्या आवरणावर दोन बारीक समांतर खाचा, उंदराच्या दातांच्या. वरची टेप अर्धवट कुरतडलेली, म्हणून बाहेरून नुसती झिजल्यासारखी वाटत होती. आत तांबं कळकून हिरवं पडलं होतं आणि चार-पाच तारांवर सगळा भार होता. इंजिन सीटमागे बंदिस्त, रात्री तिथे ऊब टिकते आणि इमारतीच्या पोडियम पार्किंगमध्ये उंदरांना याहून चांगली जागा कुठली? उरलेलं काम समुद्राच्या हवेने केलं. उघडं पडलेलं तांबं इथे एका पावसाळ्यात कळकतं.

लक्षणं आता एकेक करून जुळतात. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते. करंट ३० टक्के घटला की ऊर्जा निम्म्यावर येते. कमी भारावर निम्मी ठिणगीही पुरते. सिलिंडर जितका जास्त हवेने भरतो तितका दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतं. अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर आणि मधले आरपीएम हीच ती जागा. बॅटरी उतरली की कंप्युटर कॉइल भरायला जास्त वेळ देऊन भरपाई करतो, पण तो व्होल्टेज स्वतःच्या पिनवर मोजतो. पाच नंबरच्या वायरीत काय हरवलं हे त्याला कळायला मार्गच नाही. गरम झाल्यावर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, हे झालंच. पण त्याहून मोठा परिणाम आवरण मऊ होऊन तुटक्या तारा एकमेकींपासून सरकण्याचा. ओल्या दिवसांत कळकावर दमटपणा बसतो आणि उरलासुरला संपर्कही डळमळतो. चार नंबरवरचा तो एकटा मिसफायर? पाचनंतर पेटणारा सिलिंडर एक आहे, चार नाही, त्यामुळे शेजाराचा परिणाम म्हणता येत नाही. दुरुस्तीनंतर तो पुन्हा दिसला नाही, एवढंच.

दुरुस्ती अर्ध्या तासाची, पण त्यातही चुका होतात. कळक आवरणाच्या आत सरकतो, म्हणून खाचेपाशी कापून जोडणं पुरत नाही. तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे कापत जायचं. इथे दोन्हीकडून मिळून आठ सेंटीमीटर गेले. मधे घालायची वायर जुन्याइतकी किंवा एक पायरी जाड, आणि उष्णता सोसणारी. घरातल्या बोर्डाची पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते, इंजिनाजवळ दोन उन्हाळ्यांत तडकते. लॅमिंग्टन रोडवर सिलिकॉन आवरणाची वायर मीटरवर मिळते. जोड क्रिंपचा, म्हणजे धातूची नळी दाबून केलेला, सोल्डरचा नाही. सोल्डर तारांमध्ये शोषला जातो, तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो आणि थरथरीने त्याच्या कडेला वायर तुटते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, मग कापडी हार्नेस टेप, मग नालीदार स्लीव्ह. काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, गरमीत ती ओघळते आणि उंदराला टेप कुरतडायला काहीच वाटत नाही. कपलरच्या रबर सीलवर सिलिकॉन ग्रीसचा बारीक थर. आतली पिन सैल नाही ना, हे जुन्या कॉइलचा काटा घालून बघा. ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे.

दुरुस्तीनंतर तोच बल्ब, तीच पद्धत: थंड ०.२, गरम ०.२, हार्नेस वाकवला तरी हलत नाही.

रस्त्यावरची परीक्षा वहीतल्या आकड्यावरच ठरवली. बारा स्वच्छ फेऱ्या नुसत्या नशिबाने निघण्याची शक्यता तीन टक्के, चोवीस फेऱ्यांची हजारात एक. चोवीस फेऱ्या काढल्या, त्यातल्या अकरा भर पावसात, सगळ्या गाडी अर्धा तास तापवून. थंड इंजिनावर काढलेल्या फेऱ्या यात धरल्याच नाहीत, कारण तेव्हा आचका आधीही येत नव्हता. पाच नंबरचा काउंटर शून्य. दुसऱ्या बाजूचा ट्रिम पहिल्या बाजूच्या एका टक्क्याच्या आत.

हार्नेस पुढे तपासताना मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीवर दातांची आणखी एक जोडी सापडली. आवरणच खरवडलं होतं, तांब्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिथेही स्लीव्ह चढवली. डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या, उंदरांनी त्यांच्या शेजारीच कागदाचे कपटे जमवले. आता खालच्या कव्हरच्या मोठ्या फटींना सहा मिलिमीटरची स्टीलची जाळी आहे, हवा जाण्याचे मार्ग मोकळे ठेवून, आणि महिन्यातून एकदा चाकाआडून टॉर्च मारून बघणं आहे. अदलाबदलीतली पाच नंबरची मूळ कॉइल अजून दोन नंबरवरच बसलेली आहे. ती परत जागेवर न्यायचं काही कारण सापडलं नाही.